पाल्यापासून जपायचं

माझ्या आईला घरात हिंदीचा एक शब्द खपत नसे. ती साताऱ्याची. लग्न होऊन ग्वाल्हेरला आली तेव्हा सासरच्या माणसांचं मराठी ऐकून तिला म्हणे हसू आवरेना. आमच्याकडे "मला हे चांगलं लागतं" म्हणतात, हिंदीतल्या 'अच्छा लगता है'वरून. मी असं काही बोलले की ती हातातलं काम टाकून म्हणायची, "कुठं लागलं? दाखव बघू, हळद लावते." चार पिढ्या इथेच काढलेल्या बाबांचीही सुटका नव्हती. ते "डबा खाली आहे" म्हणाले की ही तो रिकामा डबा उचलून वरच्या फळीवर ठेवायची. "घ्या, आता वर आहे." बाबा हसत, मी चिडायचे. पण नियम तो नियम. उंबऱ्याबाहेर काय वाट्टेल ते बोला, आत आलं की मराठी. शाळेत आणि रस्त्यावर मी हिंदीत भांडायचे, हिंदीत रडायचे आणि घरी आले की ती भाषा चपलांबरोबर दाराशी काढून ठेवायचे. दोन्हींची माझ्या डोक्यात गाठ म्हणून पडत नसे. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे घडलं ते यातूनच घडलं.

आम्ही तेव्हा थाटीपुरला, सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो. राजाचं राज्य जाऊन मध्यभारत झालं होतं. ते जरा अंगवळणी पडतंय तोवर मध्यभारतही मोडलं, आणि आणखी कुठले कुठले मुलूख जोडून एक मोठं राज्य झालं. राजधानी भोपाळ. बाबांची कचेरी कपाटांसकट तिकडे निघाली. दिवाळी झाली आणि आमच्या रांगेतली घरं एकामागून एक रिकामी व्हायला लागली. सकाळी शाळेत जाताना कुणाच्या तरी दारात ट्रंका दिसायच्या, परत येईपर्यंत तिथे कुलूप. संध्याकाळी सगळ्या रांगेत मोजके दिवे लागायचे आणि कुत्री रिकाम्या ओट्यांवर हक्काने येऊन बसायची. शेवटी बाबाही गेले. तिथे घर मिळालं की संक्रांतीला येऊन आम्हाला नेणार होते.

जायच्या आधी त्यांनी मला एक विलायती उंदीर आणून दिला. त्याला गिनीपिग म्हणतात हे मला फार पुढे कळलं. शेजारचं एक कुटुंब भोपाळला निघालं होतं, त्यांना तो नेता येईना. वीतभर लांब, शेपटीचा पत्ता नाही, अर्धा पांढरा आणि अर्धा तांबूस. बाबा म्हणाले, "मी येईपर्यंत याला सांभाळ. मग आपण चौघं भोपाळला जाऊ." मी एकुलती एक. घरात चौथं कुणी कधी नव्हतंच. त्या 'चौघं'वर मी जीव टाकला. संक्रांतीपर्यंत तो जगायला हवा, एवढंच मला त्या हिवाळ्यात हवं होतं.

आई म्हणाली, "गणपतीचं वाहन असेल, पण माझ्या स्वयंपाकघरात नको." म्हणून सफरचंदाच्या लाकडी पेटीला जाळी ठोकून त्याला ओसरीवर ठेवला. आईने अंगणात मेथी, कोथिंबीर आणि टोमॅटो लावले होते. मेथीचा देठ मोडल्याचा बारीक आवाज झाला की विलायती मागच्या पायांवर उभा राहून शीळ घालायचा. खरोखरची शीळ, रस्त्यावरचा माणूस वळून बघेल अशी. आई वरवर करवादायची, "आले मेले, यांचं पान मांडा आधी." पण मेथी निवडायला ती स्वयंपाकघर सोडून ओसरीवर बसायला लागली होती. बाबा गेल्यापासून तिच्याशी तेवढ्या आवाजात बोलणारं घरात दुसरं होतं तरी कोण.

मग थंडी वाढली आणि तो शिंकायला लागला. नाक ओलं, डोळे चिकट. मी शाळेत गेले असताना आईने त्याला टोपलीत घातलं, टांगा केला आणि एकटीच मुरारला जनावरांच्या दवाखान्यात जाऊन आली. बाबा बरोबर नसताना ती कधी भाजीबाजारातसुद्धा हिंदी बोललेली नव्हती. घरी आली ती मोठी लढाई जिंकल्यासारखी. "इतका भला माणूस," मला सांगू लागली. "मी मराठी आहे हे कळल्यावर म्हणाला, थोडी थोडी मराठी मलाही येते. आणि खरंच मला कळावं म्हणून मराठी शब्द घालून बोलला."

"पण काय म्हणाला?"

"सर्दी आहे. पाल्यापासून जपायचं, मग होईल बरा."

झालं. पाला बंद. मेथी, कोथिंबीर, मुळ्याची पानं, गाजर, ओलं आणि हिरवं म्हणून जे जे होतं ते सगळं बंद. यात न पटण्यासारखं काही नव्हतं. थंडीच्या दिवसांत सर्दी झालेल्याला गार पालेभाजी कोण घालतं? मला सर्दी झाली की आई माझंही ताक तोडायची. विलायतीला फुटाणे, कोंडा आणि शिळ्या पोळीचा तुकडा मिळायला लागला. वरून गार वारं लागू नये म्हणून पेटीवर एक गोणपाट टाकलं. आणि नवल म्हणजे शिंका थांबल्या. आईची कॉलर ताठ. "बघ. डॉक्टरचं ऐकलं की गुण येतो."

पहिल्यांदा मेथी मोडल्यावर त्याने शीळ घातली, आईने देठ दिला नाही. दुसऱ्यांदाही घातली. मग हळूहळू ती शीळ कमी झाली आणि एके दिवशी थांबलीच. मला वाटलं, समजूत पटली बिचाऱ्याची. इतका शहाणा प्राणी म्हणून मी शाळेत त्याचं कौतुकही सांगितलं. लहान जनावर आपलं दुखणं लपवतं हे तेव्हा कुणी मला सांगितलं नव्हतं. मांजराला कळू नये, घारीला कळू नये म्हणून ते गप्प बसतं, आणि आपण म्हणतो, किती गुणी.

त्याचे केस उभे राहिले, झाडूच्या काड्यांसारखे खरखरीत झाले. तो भिंतीकडे तोंड करून बसायला लागला. दुधाच्या चरवीची कडी वाजली की दचकायचा, तेही सोडलं. मग तो चालेना. मागचे पाय ओढायचा. मी उचलायला गेले तर असा किंचाळला की मी हात मागे घेतला, आणि त्या दिवसापासून मला त्याला हात लावायची भीती वाटायला लागली. पोळीच्या तुकड्यावर मी एक तांबडा ठिपका पाहिला. हिरड्यांतून रक्त येत होतं.

आई माझ्यासमोर उकिडवी बसली. "खरं सांग, पाला चोरून घालत नाहीस ना?"

"नाही."

"माझी शपथ?"

"तुझी शपथ."

तिने विश्वास ठेवला, पण त्यानंतर ती डोळ्यात तेल घालून राखण करायला लागली. एकदा तिच्या पदराला चिकटलेली कोथिंबिरीची काडी पेटीत पडली. इतके दिवस न हललेला तो पुढच्या दोन पायांवर सरपटत आला आणि त्याने ती तोंडात धरली. आईने दोन बोटांनी ती हळूच ओढून काढली. "नको रे राजा," ती म्हणाली. "आधी बरा हो. मग पोटभर घालीन." तिचा आवाज कापत होता. तो आवाज मला अजून ऐकू येतो.

रविवारी आम्ही दोघी पुन्हा टोपली घेऊन मुरारला गेलो. दवाखान्याला कुलूप होतं. चौकीदार ऊन खात बसला होता. मी विचारलं, तर म्हणाला, "साहब का तबादला हो गया। भोपाल।" दुसरे कधी येणार, तर ते त्याला ठाऊक नव्हतं. परत येताना आईने टांग्यात टोपली पदराखाली धरली होती. आमच्या रांगेत आता बहुतेक घरं खाली होती. खालीच म्हणते, त्याला दुसरा शब्द मला सुचत नाही. ओट्यावरची कुत्री आमच्या टोपलीकडे बघत उठून उभी राहिली, ते मला मुळीच आवडलं नाही.

त्यानंतर फार दिवस गेले नाहीत. एका सकाळी मी दात घासत ओसरीवर उभी होते आणि आई अंगण झाडायला उतरली होती. अंगण पांढरं दिसत होतं. टोमॅटोची रोपं माना टाकून काळी पडली होती. शेवटच्या क्वार्टरमधल्या बाई, आमच्या रांगेत उरलेल्या एकट्या शेजारीण, कुंपणापाशी येऊन म्हणाल्या, "बहनजी, पाला पड़ गया। टमाटर तो गए आपके।"

आई मान वर न करता तिच्या हिंदीत म्हणाली, "पाला तो पडेगाच ना. झाड के टाकती हूँ."

त्या बाई हसल्या. "झाड़ू से पाला?" त्यांनी टोमॅटोच्या काळ्या पानावरचा पांढरा थर नखाने खरवडला आणि आईच्या तळहातावर ठेवला. "यह रहा पाला।"

आई तळहाताकडे बघत राहिली. त्यावरचा पाला वितळून त्याचं पाणी झालं आणि ते मनगटावरून ओघळून बांगड्यांत गेलं. हिंदीत पाला म्हणजे पान नव्हे. गोठून पडलेलं दव, पिकं जाळणारं, त्याला पाला म्हणतात. डॉक्टर म्हणाला होता, याला थंडीपासून जपा. आणि आम्ही त्याला एका गोणपाटाच्या भरवशावर ओसरीच्या थंडीत ठेवून त्याचा हिरवा घास तोडला होता. हिरवं मिळालं नाही तर या प्राण्याच्या हिरड्यांतून रक्त येतं, सांधे धरतात आणि तो मरतो, हे मी पुढे वाचलं.

तो शब्द मला येत होता. बाहेर मी तो शंभरदा बोलले असेन. पण उंबऱ्याच्या आत आईच्या तोंडून आला तो मराठी होऊन आला, आणि मी तो मराठीच ऐकला. पेशवाईत 'ध' चा 'मा' करायला निदान एक अक्षर तरी बदलावं लागलं होतं. इथे तेवढंही बदललं नव्हतं.

आईने केरसुणी टाकली. मेथी हिरवीगार उभी होती, तिला पाल्याने काही केलं नव्हतं. आईने मूठभर उपटली, आणि ओसरीच्या पायरीवर येताना तिच्या हातात एक देठ मोडला. पेटीतून शीळ आली. बारीक, तुटकी, पण शीळच. मी रडायला लागले. आईने पेटीच उचलली आणि सरळ स्वयंपाकघरात, चुलीच्या उबेला नेऊन ठेवली. एकेक पान त्याच्या तोंडाशी धरलं. त्याने धरलं, पण त्याला चावता येईना. मग तिने पाला कुटून रस काढला आणि कापसाच्या वातीने त्याच्या ओठांवर थेंब थेंब सोडला. "घे रे, घे," एवढंच म्हणत होती. त्याने थोडा घेतला. दुपारपर्यंत तो होता. काळ्या पडलेल्या टोमॅटोंच्या शेजारी आम्ही त्याला पुरला, आणि आईने न्हाणीघरात जाऊन दार लावून घेतलं.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी बाबा आले. भोपाळला घर मिळालं होतं, दोन खोल्यांचं. ट्रंक खाली ठेवण्याआधीच त्यांनी ओसरीवर इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, "अरे, आमचा चौथा कुठाय?"

मी आईकडे पाहिलं. ती चुलीपुढे तीळ भाजत होती. मागे वळली नाही.

"पाल्याने गेला," ती म्हणाली.

बाबांनी मान हलवली. "हो, यंदा फारच पडला म्हणे. वाटेत हरभरे गेलेले दिसले." मग त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्यांना माझं वाईट वाटत होतं. आणि मग, घरात जरा हसू यावं म्हणून असेल, ते आईला म्हणाले, "पण काय हो सातारकर, आज घरात हिंदी?"

"नाही," आई म्हणाली. "मराठीच बोलले."