साहेब येतो म्हणाले

त्या वर्षी मी बारामतीच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर इंग्रजी शिकवत होतो. तासिका तत्त्व म्हणजे तास घेतला तर पगार, ताप आला तर देवाची मर्जी. जूनमध्ये एक जागा कायम भरली जाणार होती आणि ती आपल्याला मिळावी, एवढीच माझी त्या काळातली महत्त्वाकांक्षा. लग्नाचं बोलणंही तिच्यावरच अडलं होतं. मुलीकडचे अधूनमधून यायचे, ऑर्डर निघाली का विचारायचे आणि चहा पिऊन जायचे.

अशात प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. एका परक्या देशाचे राजदूत भारतातली नेमणूक संपवून मायदेशी निघाले होते. जाण्याआधी त्यांना इंदापूर तालुक्यात, पळसदेवला, ठिबकवरची शेती बघायची होती, कारण तिथल्या लोकांना ठिबक पहिल्यांदा त्यांच्याच देशाच्या माणसांनी करून दाखवलं होतं. दुभाष्या म्हणून मी जायचं होतं.

"जसंच्या तसं भाषांतर करायचं," प्राचार्य म्हणाले. "पदरचं काही घालायचं नाही. हे नीट पार पडलं तर जूनचं मी बघतो."

पळसदेवात बातमी आमच्याआधी पोचली होती, पण राजदूत येणार म्हटल्यावर अर्ध्या गावाला मोटारसायकल येणार असं वाटलं होतं. दूध घालणाऱ्या निम्म्या लोकांकडे त्या नावाची गाडी होती. एकाने मला जुनं मॉडेल की नवं, असंही विचारलं. मी अँबॅसिडर म्हणून पाहिलं, तर त्या नावाची पांढरी सरकारी गाडी समोरच उभी. शेवटी 'परदेशाचे मोठे साहेब' यावर तडजोड झाली.

ज्यांच्या द्राक्षबागेत कार्यक्रम होता त्या आबांनी चांगला ऐसपैस मांडव घातला होता. हार होते, फेटे होते, लाऊडस्पीकर होता. साहेब उंच, घामाघूम झालेले आणि स्वभावाने गरीब वाटले. दोन्ही देशांच्या मैत्रीवर ते मनापासून बोलत होते. मी शब्दकोशातून आधीच हेरून ठेवलेला शब्द रुबाबात वापरला आणि सांगितलं, की आपल्या दोन देशांचे द्विपक्षीय संबंध फार जिव्हाळ्याचे आहेत. पहिल्या रांगेत प्राचार्यांनी मान डोलावली.

तेवढ्यात आबा उठले. यजमानच ते, त्यांना खाली बसा कोण म्हणणार?

"दोन पक्ष म्हनला न्हवं?" त्यांनी विचारलं. "मग पोरीकडचं कोन आन् पोराकडचं कोन?"

मांडव हसायला लागला. मला मात्र आबांचं काही चुकलं असं वाटलं नाही. पक्ष आणि संबंध एका वाक्यात आले, वर मांडव आणि हार, मग माणसाने दुसरं काय समजायचं? प्राचार्य माझ्याकडे असे बघत होते की जून महिना मला दिसेनासा झाला.

लोक का हसतायत, असं साहेबांनी विचारलं. मी सांगितलं. ते हसले नाहीत, खरोखर विचारात पडले. मुलीकडच्यांनी काय करायचं असतं, म्हणाले. म्हटलं, वाकायचं. आणि मुलाकडच्यांनी? म्हटलं, रुसायचं. मग ते माइकसमोर गंभीरपणे एक वाक्य बोलले आणि मी ते जसंच्या तसं मराठीत केलं: "मी इथं होतो तेवढी सगळी वर्षं आपले दोन्ही देश मुलाकडचेच होते."

हशा थांबेना. तरी लगीन टिकलं म्हणायचं, असं पुटपुटत आबा खाली बसले.

जेवणं झाली आणि साहेब निघाले. गाडीपाशी त्यांनी आबांचे दोन्ही हात धरले. आपण निवृत्त होतोय, वय झालंय, आता जातो, इथं पुन्हा येणं होणार नाही, असं ते इंग्रजीत म्हणाले. आबा माझ्या तोंडाकडे बघत राहिले आणि माझ्या पाठीमागे प्राचार्य उभे होते.

आता हे जसंच्या तसं कसं सांगणार? आमच्याकडे काडेपेटी आणायला निघालेला माणूसही येतो म्हणून बाहेर पडतो. दारात उभं राहून कुणी जातो म्हटलं तर घरातलं माणूस कानांवर हात ठेवतं.

मी म्हणालो, "आबा, साहेब येतो म्हणतायत."

"कवा?" आबांचा चेहरा खुलला. "उन्हाळ्यात या म्हनावं. उजनी धरनाचं पानी हटलं की आमचं देऊळ उघडं पडतं. बुडालेलं देऊळ माघारी येतंय, ह्यो तर चालता-बोलता मानूस हाय."

मी साहेबांना हे सांगितलं आणि मी काय सांगितलं होतं तेही, कारणासकट. त्यांनी तो शब्द माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतला. मग आबांकडे वळून, हात जोडून, सावकाश म्हणाले, "येटो."

परतीच्या वाटेवर डाळज गाव मागे पडलं तसे प्राचार्य जीपमध्ये माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "ते येणार नाही म्हणाले. तुम्ही बरोबर उलटं सांगितलंत."

मी म्हटलं, "सर, त्याचं मराठी तेच होतं."

जूनमध्ये ती जागा जसंच्या तसं बोलणाऱ्या एका गृहस्थांना मिळाली. मुलीकडचे चहाला यायचे थांबले. शेवटच्या दिवशी मी केबिनमध्ये गेलो तेव्हा माझं डोकं तापलेलं होतं.

"जातो, सर," मी म्हणालो.

प्राचार्यांनी फायलीतून चटकन मान वर केली.

"अहो, असं काय बोलता? येतो म्हणावं."