वळणावर थांबलेलं घड्याळ

मला वनरक्षक व्हायचं होतं. बी.ए.च्या शेवटच्या वर्षी मी हे ठरवलं आणि घरात मोठ्यानं सांगून टाकलं, म्हणजे नंतर मागं फिरायची सोय राहू नये. आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. हे मी अजूनही कुणी न विचारता सांगते, आणि सांगणारच.

कॉलेजात एकदा बाहेरून एक साहेब व्याख्यानाला आले होते. ध्येय ठरवा, त्याचे लहान लहान टप्पे पाडा, रोज एक टप्पा पार करा, असं ते म्हणाले. शेवटी म्हणाले, ज्याचं ध्येय राहून जातं त्याची तळमळच कमी पडलेली असते. मला ते पटलं होतं. त्या वयात माईकवर बोललेलं सगळंच पटायचं.

भरतीत आधी लेखी, मग धावणं. लेखीची मला भीती नव्हती. धावायला किती वेळ लागला त्यावर गुण, आणि शेवटी यादी लागते तेव्हा त्या गुणांनीच माणूस वर जातो नाहीतर खाली. जाहिरात निघायची मी वाट बघत राहिले आणि वाट बघताना धावत राहिले. ती निघाली तेव्हा माझं वय अटीच्या काठावर आलं होतं. ही संधी गेली तर पुढची माझी नव्हती.

धावायला जागा कुठं होती? गावच्या शाळेचं मैदान पावसाळाभर चिखलात, आणि धान कापला की तिथंच मळणी. पोरं मोटरसायकलवर तालुक्याच्या मैदानावर जायची, पण अंधारात मला त्यांच्या मागं बसवून पाठवायला माय तयार नव्हती. उरला गावातून मोठ्या रस्त्याला लागणारा डांबरी रस्ता. दोन्ही बाजूंनी जंगल. जंगलात वाघ आहे हे सिंदेवाहीच्या बाजूला कुणाला वेगळं सांगावं लागत नाही.

त्या रस्त्यानं जायची आमची रीत ठरलेली आहे. ऊन पडल्याशिवाय निघायचं नाही. वळण आलं की अलीकडंच थांबायचं, "होऽऽ" अशी लांब हाक द्यायची, कान लावायचा, आणि सगळं ठीक वाटलं तरच पुढं व्हायचं. जनावर एकदम समोर आलं तर दोघांचाही घोटाळा. त्याला बाजूला व्हायला वेळ द्यायचा असतो. चालायला लागलेल्या लेकराला आमच्याकडं हे शिकवतात.

बाबा सायकल घेऊन माझ्या मागं असायचे. मी जरा जोर केला की ओरडायचे, "आधी हाक दे, मंग जाय! नोकरी कुठी पळून नाई चालली."

हातपंपावरच्या काकूंना आमची वरात रोज दिसायची. "काऊन वो, वाघ मांगं लागला का तुह्या?"

"नाई वो काकू, मीच नोकरीच्या मांगं लागली."

"पाह्य बाई, वाघ तरी एखाद्या दिवशी सापडन."

बाया हसायच्या. मीही हसायची. नोकरी मिळाल्यावर त्याच पंपावर खाकी घालून पाणी भरायला यायचं, असं मी मनात ठरवून टाकलं होतं.

वेळ मोजायला फोन मुठीत असायचा. वळण आलं की मी त्यातलं घड्याळ थांबवायची. हाक, कान, मग बटण दाबून पुन्हा धावायला सुरुवात. बाबांनी एकदा विचारलं, "थांबल्याचा टाईम काऊन नाई धरत तू?"

"तो वाघाच्या खात्यात, बाबा. माह्या नाई."

त्यांना ते बरोबर वाटलं. मलाही वाटलं. परीक्षेच्या रस्त्यावर कुठला वाघ येतो? तिथं हे थांबणं असणारच नव्हतं, मग ते कशाला मोजायचं? घड्याळ चांगली वेळ दाखवत होतं. रोज थोडी सुधारत होती. साहेबांनी सांगितलं तसं, टप्प्याटप्प्यानं.

परीक्षेचा रस्ता जिल्ह्याच्या गावाबाहेर होता. एका बाजूला दोरी बांधलेली, दोरीपलीकडं घरची माणसं, त्यांच्यात बाबा. शिटी झाली आणि मी पुढच्या पोरींत होते. पाय हलके होते. नोकरी मिळाली, असं मला खरोखरच वाटलं.

मग पहिलं वळण आलं. कडेला चार बाभळी, पलीकडं काही दिसत नव्हतं. माझे पाय थांबले. मी थांबवले नाहीत, तेच थांबले. आणि तोंडातून हाक निघाली, "होऽऽ".

मागची पोरगी पाठीवर येऊन आदळली. "अवो ताई, काऊन थांबून राह्यल्या? मले घेऊन पडता का?"

कडेला उभा असलेला एक शिपाई हसला. मी धावायला लागले. झालेलं कळलं होतं, पुढच्या वळणाला मी मनाला बजावून ठेवलं. तरी पाय मंदावले. त्याच्या पुढच्या वळणाला मात्र भीती नव्हती, सवयही नव्हती. छातीला तिथं थांबा हवा होता. इतकी वर्षं दर वळणावर तिला श्वास घ्यायला मिळाला होता. सलग धावायला मी शिकलेच नव्हते. एक एक तुकडा धावायला शिकले होते, आणि तुकडे जोडून जी वेळ व्हायची ती माझी वेळ आहे असं समजत होते.

यादीत माझं नाव नव्हतं. थोडक्यात गेलं असं लोक म्हणाले. थोडक्यात गेलं काय आणि पुष्कळ गेलं काय, वय दोन्हीकडं सारखंच संपलं.

धावणं झालं त्या दिवशी परतताना बसमध्ये बाबांनी तिकिटं काढली. मग म्हणाले, "हाक तं बरोबर देल्ली तू." त्यांना मला हसवायचं होतं की धीर द्यायचा होता, मी विचारलं नाही. 

आता मी तालुक्याला एका कापडाच्या दुकानात उभी राहते. मी बी.ए. आहे हे मालकाला माहीत आहे, गिऱ्हाइकांनाही कळतंच. व्याख्यानाचे ते साहेब कुठं भेटले तर मला त्यांना एकच विचारायचं आहे: माझी तळमळ नेमकी कोणत्या वळणावर कमी पडली, ते दाखवा.

यंदा काकाच्या मुलीनं तीच नोकरी मिळवायचं मनात धरलं आहे. "ताई, तुम्ही शिकवा मले," म्हणाली. काय शिकवायचं ते मला पक्कं माहीत आहे. मैदानावर धाव, सलग धाव. मी तिच्या आईशी बोलले. माझ्या मायनं दिलं होतं तेच उत्तर तिनं दिलं. दोन वळणांच्या मधल्या सरळ तुकड्यात तिला येरझारा घालायला लावून बघितलं. तो तुकडा इतका छोटा की धावण्यापेक्षा मागं फिरणंच जास्त झालं. शाळेचं मैदान अजून तसंच आहे.

म्हणून तोच रस्ता. मागं बाबांची सायकल, तिच्यावर मी. फोन तिच्या मुठीत. घड्याळ काही झालं तरी थांबवायचं नाही, एवढं मी तिला बजावलं आहे.

परवा मोहाच्या झाडाजवळच्या वळणाशी आलो तर आत कुठंतरी माकड खोकत होतं, वाघ दिसला की खोकतं तसं. तिनं वेग कमी केला, मान वळवून माझ्याकडं पाहिलं. "ताई, जाऊ का थांबू?"

"थांब," मी म्हटलं. "हाक दे."

तिनं हाक दिली. आम्ही दोघी कान लावून उभ्या राहिलो. माकड खोकतच होतं, आणि तिच्या मुठीत घड्याळ चालू होतं.