रंगात आलं की टक्

आमच्या घरात संगीतातलं कुणाला काही कळत नाही, पण मत मात्र प्रत्येकाला आहे. त्यामुळे माझी धाकटी नणंद कॉम्प्युटरवर संगीत करायला लागली तेव्हा तिला सल्ले कमी पडले नाहीत. सासूबाई म्हणाल्या, जरा हळू वाजव, शेजारी काय म्हणतील. माझा नवरा म्हणाला, जरा जोरात वाजव, काही ऐकूच येत नाही. मी म्हणाले, आधी ही खोली आवर. तिने तिघांचंही शांतपणे ऐकून घेतलं आणि आपल्याला हवं तेच केलं.

तिला घरात सगळे मुंगी म्हणतात. अंगाने लहानखुरी, आणि बघावं तेव्हा कामात. चाळिशीला टेकली तरी नाव काही सुटलं नाही. दिवसभर ती दातांच्या दवाखान्यात मदतनीस असते. डॉक्टरांच्या शेजारी उभं राहून लाळ ओढायची नळी धरायची, हत्यारं धुऊन लावायची, खुर्चीत आडव्या पडलेल्या घाबरट माणसाला धीर द्यायचा. संध्याकाळी घरी आली की चहाचा कप घेऊन जी खोलीत शिरते ती जेवायला हाका मारमारून घसा बसेपर्यंत बाहेर येत नाही. वाजवायचा की-बोर्ड कॉम्प्युटरला जोडलेला असतो. ती पट्टी दाबते आणि कॉम्प्युटर पियानो होतो, बासरी होतो, नाहीतर एकदम चाळीस व्हायोलिनं होतो. बारा वर्षं तिचं हे चाललं होतं आणि ऐकणारे आम्ही तिघं, तेही आपापली कामं करता करता.

मग एक दिवस दवाखान्यात बाहुल्यांची नाटकं करणारा एक दिग्दर्शक अक्कलदाढ काढून घ्यायला आला. मुंगीला कामात गुणगुणायची सवय. त्याच्या तोंडात दोन हत्यारं आणि एक नळी, त्यामुळे बिचाऱ्याला काही विचारता येईना. दाढ निघाली, चूळ भरून झाली, आणि सुजलेल्या तोंडाने तो पहिलं वाक्य बोलला, "ही चाल कुणाची?"

"माझी," मुंगी म्हणाली.

महिन्याभरात त्याच्या नव्या नाटकाचं संगीत तिच्याकडे आलं. दीपस्तंभावर एकटा राहणारा म्हातारा आणि वाट चुकून किनाऱ्याशी आलेला देवमासा, अशी गोष्ट. आधीच ध्वनिमुद्रित करून ठेवलेलं संगीत त्याला नको होतं. त्याचं म्हणणं, बाहुल्या रोज एकाच वेगाने चालत नाहीत. धरणाऱ्याचा हात दमला की देवमासा सावकाश पोहतो, मग संगीतानेही सावकाश व्हायला हवं. म्हणजे मुंगीने प्रयोगात समोर बसून वाजवायचं. आमच्या घरात त्या दिवशी कुणाचा पाय जमिनीवर नव्हता. सासूबाईंनी तर फोन करकरून सगळ्या नातेवाइकांचे कान किटवले.

आणि मग ते टक् सुरू झालं.

टक्, कधी टर्र, कधी क्षणभर आवाजच गायब. छान लांबलचक सूर चाललाय, डोळे मिटावेत असं वाटतंय, आणि मध्येच कुणीतरी दातात सुपारी फोडावी तसा आवाज. तालमीत पहिल्यांदा झालं तेव्हा देवमाशाची शेपटी धरलेली मुलगी इतकी दचकली की शेपटी तिच्या हातातून सुटली. बरं, ते नेमाने येतं असंही नाही. एका तालमीत तीनदा, दुसरीत एकदाही नाही. दुरुस्तीवाल्याकडे कॉम्प्युटर नेला तर तिथे तो गुणी बाळासारखा वागला. दुरुस्तीवाला म्हणाला, "काही नाही हो याला." आणि आम्हीच वेडे असल्यासारखा हसला.

माझा नवरा विमा कंपनीत आहे, पण घरात तो सगळ्याच गोष्टींतला तज्ज्ञ असतो. हा उंटावरचा शहाणा लगेच कामाला लागला. वायर बदल, ड्रायव्हर नवा टाक, बफर वाढव. बफर म्हणजे काय ते मला मुंगीनेच सांगितलं. पुढच्या क्षणाचा आवाज कॉम्प्युटर आधीच तयार करून हाताशी ठेवतो, प्रवासात शिदोरी ठेवावी तसा. शिदोरी मोठी असली की मध्येच उपास घडत नाही, टक् होत नाही. पण ती फार मोठी केली तर पट्टी दाबल्यावर आवाज उशिरा येतो, आणि मग देवमाशाने उडी मारली की पाणी नंतर उडतं. तिने तेही करून पाहिलं. पाणी उशिरा उडालं आणि टक् ते टक्च. कुणी म्हणालं इंटरनेट बंद ठेव. तेही एकदा केलं, पण त्या दिवशी तालीम नव्हती, टक् येतं का ते बघायची नुसती चाचणी होती, आणि चाचणीत ते एरवीही येत नसे, मग त्याने काय सिद्ध होणार? शिवाय तो पियानोचा आवाज ज्या कंपनीचा, तिची परवानगी तो उघडताना इंटरनेटवरून लागायची. म्हणून ते चालूच राहिलं.

दिग्दर्शक माणूस वाईट नव्हता, पण स्पष्ट होता. त्याने मुंगीला बाजूला घेऊन सांगितलं, "तुमचं काम मला आवडलंय म्हणून आधी सांगतो. शेवटच्या तालमीत हा आवाज आला, तर मी जुन्या नाटकाचं ध्वनिमुद्रण लावणार. लहान मुलं बघायला येतात. ती एकदा हसली की देवमासा मेला म्हणून समजा."

मुंगी घरी येऊन जेवली नाही. त्यातच तिला नको तो शोध लागला. ती म्हणाली, "वहिनी, मी नीट बघितलंय. मी अगदी रंगात आले ना, की थोड्याच वेळात ते होतं. हात आखडून वाजवलं की होत नाही. म्हणजे माझंच वाजवणं त्याला झेपत नाही."

आणि खरंच, ती हात आखडून वाजवायला लागली आणि टक् बंद झालं. सासूबाई खूश. "बघ, मी सांगत नव्हते? हत्ती होऊन लाकडं फोडण्यापेक्षा मुंगी होऊन साखर खाल्लेली बरी." मला मात्र ते ऐकवेना. बारा वर्षं भिंतीपलीकडून मी तिचं वाजवणं ऐकलं होतं. त्यातलं कळत नसलं तरी त्यातलं काय गेलं ते मला बरोबर कळत होतं. दिग्दर्शकालाही कळलं. तालीम संपल्यावर तो म्हणाला, "टक् गेलं, पण आता पाण्यात देवमासा आहे की बेडूक तेच समजत नाही."

त्या रात्री नाही, पण दुसऱ्या दिवशी, सुट्टी होती तेव्हा, मी तिच्या खोलीत जाऊन चांगली भांडले. म्हटलं, "दवाखान्यात माणूस आला आणि म्हणाला, दाढ दुखते, म्हणून मी चावायचंच सोडलंय, तर तुमचे डॉक्टर त्याला शाबासकी देतात का?"

ती हसली. बऱ्याच दिवसांनी हसली. मग म्हणाली, "आमच्याकडे गंमतच असते. घरी ठणकणारी दाढ खुर्चीत बसलं की दुखायची थांबते. मग डॉक्टर गप्प बसून राहत नाहीत. ते ती दुखवून बघतात. एकेका दातावर ठोकतात, गार लावतात, कापूस चावायला देतात. आणि पुष्कळदा दुखतो एक आणि किडलेला निघतो दुसराच."

मग ती खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "ठोकून बघू या."

आधी तिने देवमाशाचा प्रवेश जीव ओतून वाजवला आणि कॉम्प्युटरला तो लक्षात ठेवायला सांगितला. कुठली पट्टी, केव्हा, किती जोरात, सगळं. मग हात मांडीवर ठेवून तेच सगळं कॉम्प्युटरलाच परत वाजवायला लावलं. तेच सूर, तोच जोर, तोच पियानो, फक्त वाजवणारी गप्प बसलेली. पुन्हा पुन्हा लावलं. एकदाही टक् नाही.

"म्हणजे जास्त सुरांनी हा दमत नाही," ती म्हणाली. आवाजात जरा धार आली होती. "माझ्या हातांचा दोष नाही वहिनी!"

मग तिने दार लावून स्वतः वाजवलं. बाहेर सासूबाईंनी दोनदा कडी वाजवली, आम्ही उघडलं नाही. स्वच्छ. मग दार उघडं टाकून वाजवलं, आणि देवमासा खोल पाण्यातून वर यायला लागला तेवढ्यात टक्!

कुणी आजारी माणूस उठून बसावा तसा आम्हाला त्या आवाजाने आनंद झाला. माझा नवरा धावत आला आणि दार, वारा, जमिनीचा थरथराट असं काहीतरी सांगायला लागला. मुंगीने त्याला हाताने गप्प केलं. "वहिनी, तू बाहेर उभी राहा आणि दारात काय होतं ते बघ."

मी बोळात उभी राहिले. तिने पुन्हा सुरू केलं. मी दाराची बिजागरी पाहिली, वायर पाहिली, दिवा पाहिला. टक् झालं.

"काय दिसलं?"

"काही नाही गं," मी म्हटलं. "आईच आहेत."

"आई काय करतेय?"

तेव्हा कुठे मी नीट पाहिलं. सासूबाई चौकटीला टेकून फोन धरून उभ्या होत्या, आणि त्यांचे डोळे पाण्याने भरले होते. त्या म्हणाल्या, "मी कुठे काय करतेय? व्हिडिओ काढतेय. ती अशी वाजवायला लागली ना, की मला राहवत नाही. एक संपला की दुसरा काढते."

मुंगी खुर्चीवरून उठली आणि तिने कॉम्प्युटरच्या पडद्याच्या कोपऱ्यात बोट ठेवलं. तिथे एक छोटासा बाण गोल गोल फिरत होता. आईचा व्हिडिओ उतरत होता. सगळ्यांचे फोटो आणि व्हिडिओ सुरक्षित राहावेत म्हणून ते आपोआप मुंगीच्या कॉम्प्युटरवर उतरतील अशी सोय कुणी केली होती? तर विमा कंपनीतल्या आमच्या तज्ज्ञाने. कारण तिच्या कॉम्प्युटरवर जागा जास्त होती. तालमीलाही सासूबाई सामान धरायला म्हणून जायच्या आणि हॉलच्या राखणदाराला गोड बोलून वायफायचा पासवर्ड मिळवायच्या. मुंगी रंगात आली की आईचा फोन वर जाई. एक व्हिडिओ पुरा झाला की तो धाडकन कॉम्प्युटरवर येऊन आदळे, त्या क्षणी कॉम्प्युटरची शिदोरी संपे आणि टक्! आणि मुंगी हात आखडून वाजवायला लागल्यावर आईला त्यात व्हिडिओ काढण्यासारखं काही वाटेना, म्हणून ते बंद झालं होतं. चाचणीत तर आम्ही सगळे श्वास रोखून बसायचो, तिथे फोन कोण काढणार!

"म्हणजे एवढे दिवस मीच?" सासूबाईंचा चेहरा पडला. "मीच माझ्या लेकीच्या..."

पण मुंगीला आईचा चेहरा बघायला सवड कुठे होती! तिने आईला कंबरेला धरून उचलायचाच प्रयत्न केला. आईचं वजन लेकीच्या दुप्पट. दोघी दारात कलंडल्या. मुंगी बसल्या जागेवरून ओरडत होती, "आई, माझं वाजवणं चांगलं होतं म्हणून टक् होत होतं! चांगलं होतं म्हणून!" मी मोठ्याने रडले, आणि मला त्याची लाज वाटत नाही. आमचे शहाणे गुपचूप उंटावरून उतरले आणि फोटोंची सोय बंद करायला बसले. पियानोला परवानगी मिळाली की इंटरनेटही बंद करायचं, हे त्याने स्वतः एका चिठ्ठीवर लिहून कॉम्प्युटरला चिकटवलं.

तरी मुंगीने पुन्हा ठोकून पाहिलंच. दार उघडं, आई दारात, आईचा फोन चालू. तिने सगळे प्रवेश वाजवले. सासूबाई घाबरत घाबरत व्हिडिओ काढत होत्या, जसं काही हातात सापच धरलाय. एकही टक् नाही.

शेवटच्या तालमीला आम्ही सगळे गेलो. हॉलमध्ये रिकाम्या खुर्च्या आणि ताज्या रंगाचा वास. मुंगीचं टेबल रंगमंचाच्या एका बाजूला, काळ्या कापडाच्या मागे. सासूबाईंनी फोन घरीच ठेवला होता आणि रिकाम्या हातांचं काय करावं ते न कळून त्या हातांवरच बसल्या होत्या.

देवमासा आला तेव्हाच मला कळलं की आज बेडूक नाही. खुर्चीचे हात थरथरत होते. काळोखातून एवढं मोठं निळं कापड हलत वर यायला लागलं, आणि वर येता येता त्याचा पंख दीपस्तंभाच्या कठड्यात अडकला. खालून देवमासा धरणारे तिघं ओढताहेत, पंख निघत नाही. दिग्दर्शक उठला. थांबा म्हणायला त्याने हात वर केला. पण संगीत थांबलं नाही. मुंगीने काळ्या कापडाच्या फटीतून पाहिलं असावं. तिने तो सूर तसाच धरून ठेवला, मग खाली आणला, खूप खाली, आणि तिथून हळूहळू ओढत राहिली. एवढं मोठं जनावर अडकलंय आणि त्याला बाहेर पडायचंय, असं ते वाटायला लागलं. दिग्दर्शकाचा हात तसाच वर राहिला. शेवटी पंख सुटला, आणि त्याच क्षणी तिने दोन्ही हातांनी, सगळ्या अंगाने, होतं नव्हतं ते सगळं त्या पट्ट्यांवर ओतलं. देवमाशाने उडी घेतली. एकही टक् नाही. शेपटीवाली मुलगी खालूनच ओरडली, "वा!"

तालीम संपली. सासूबाईंनी माझं मनगट इतकं आवळलं की कळ आली. दिग्दर्शक दिव्यावाल्याकडे वळून म्हणाला, "एक दिवा या बाजूला द्या. आणि ते काळं कापड काढा. बाई दिसल्या पाहिजेत."

दोन माणसं टेबल पुढे आणायला धावली. मुंगीने एकाला बाजूला केलं आणि एक टोक स्वतःच उचललं.