तेल तुमचं, भोकं माझी

गल्लीत तिला सगळेच वहिनी म्हणतात, तिच्याहून वयानं मोठे असलेलेसुद्धा. तिची पिकअप कोपऱ्यावर वळली की पोरं खेळ थांबवून भिंतीला चिकटतात, कारण वहिनी हॉर्न एकदाच वाजवते.

गाडी मुळात नवऱ्याची. कारखान्यातून निवृत्त झाल्यावर त्यानं ती हौसेनं घेतली, थोडे दिवस चालवली आणि मग गुडघ्यानं दगा दिला. क्लच दाबायचा म्हटलं की डोळ्यांतून पाणी. गाडी विकायची बोलणी सुरू झाली तेव्हा वहिनी आत भांडी विसळत होती. हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली की विकू नका, मी शिकते. थोरली नणंद, घरातल्या आक्का, हसायला लागल्या त्या थांबेचनात. "अगं, तुला गॅसचा रेग्युलेटर धड बसवता येत नाही." ते खरंच होतं. रेग्युलेटर अजूनही आक्काच बसवतात. पण गाडी मात्र वहिनीला आली.

मोठ्या रस्त्यावर एकाचं जुने सोफे नव्यानं मढवून देण्याचं दुकान होतं. लोकांच्या घरून सोफे उचलून दुकानात आणायचे आणि मढवून झाले की परत पोचवायचे, हे काम वहिनीला मिळालं. दाराच्या चौकटीला न घासता सोफा कसा तिरका करायचा, हे तिला हमालांपेक्षा आधी कळायचं. पण काम आवडण्याचं खरं कारण वेगळं होतं. केबिनचं दार ओढून घेतलं की आत कोणी हाक मारायचं नाही. इतकं साधं सुख तिला लग्नानंतर पहिल्यांदाच मिळालं होतं, आणि ते कुणाला सांगण्यासारखंही नव्हतं.

ऊन तापायला लागलं आणि डाग सुरू झाले. आधी एका सोफ्याच्या पाठीला तळहाताएवढा तपकिरी, चिकट डाग. सोफेवाल्यानं नुसतं कापड बदललं. मग एका आरामखुर्चीला. तेव्हा त्यानं तिला स्टुलावर बसवलं, पाणी दिलं. पाणी दिलं म्हणजे काहीतरी वाईट ऐकायचंय, हे तिनं ओळखलं.

"वहिनी, तुमच्यावर राग नाही माझा. पण गिऱ्हाईक डाग बघतं, माणूस नाही बघत. आता क्रीम रंगाचा मोठा सेट तयार होतोय. तोवर गाडीची गळती थांबली तर तुम्हीच न्या. नाही थांबली तर मी दुसरी गाडी सांगतो."

तिचं सगळं काम त्याच्याकडचंच. ते गेलं की गाडी उभी राहणार, उभी गाडी विकली जाणार, आणि वहिनी पुन्हा दिवसभर आक्कांच्या समोरासमोर स्वयंपाकघरात.

मेकॅनिकनं गाडी उचलून खालून तपासली. कोरडी ठणठणीत. त्यानं हात पुसत सांगितलं की गळती खाली होते, वर नाही. मागे सामान ठेवायच्या हौद्यात ना इंजिन ना टाकी, गळणार काय? आक्का म्हणाल्या, नावच हौदा, मग त्यात पाणी साठलं तर नवल काय. नवऱ्यानं खुर्चीत बसल्या बसल्या आधी ब्रेक ऑइलवर संशय घेतला, मग गिअर ऑइलवर, आणि शेवटी सोफेवाल्याच्या डिंकावर. मात्र उठून गाडीपर्यंत तो गेला नाही. एरवी गाडीचं नुसतं नाव निघालं तरी लंगडत बाहेर येणारा माणूस. हे तिच्या नजरेतून सुटलं नाही, पण गुडघा दुखत असेल म्हणून तिनं सोडून दिलं.

मग तिनं स्वतःच्या पद्धतीनं शोध घ्यायचा ठरवला. हौदा साबणानं घासला, पुसून लख्ख केला. सकाळी रिकामी गाडी गावभर फिरवून आणली, एक थेंब नाही. तेव्हा जुनी पांढरी चादर हौद्यात कडेपर्यंत अंथरली आणि गाडी दारात उभी करून जेवायला गेली. जेवून आली तर चादरीवर डाग होते. उजव्या कडेला, एका सरळ रेषेत, सारख्या अंतरावर. शर्टाच्या बटणांसारखे.

वहिनी बघत उभी राहिली. आपोआप गळणारं काही इतकं शिस्तीत गळत नाही. तिनं मान वर केली. प्रत्येक डागाच्या बरोबर वर, कठड्याच्या पोकळ पाइपावर, एकेक हूक होता. हे हूक तिनंच थंडीत बसवले होते, शेजाऱ्यांचं ड्रिल मागून आणून, सोफ्यांच्या दोऱ्या अडकवायला. त्यांचा तिला केवढा अभिमान. भोकं पाडताना ड्रिलच्या टोकाला काहीतरी काळं, मऊ लागलं होतं. मळ समजून तिनं ते पुसून टाकलं होतं.

पण पोकळ पाइपात गळायला आहे काय? ती छत्री घेऊन हौद्यात चढली आणि हुकासमोर बसून राहिली.

"उन्हात बसून अंडी उबवतेयस का?" आक्कांनी खिडकीतून विचारलं.

"हो. पिल्लू निघालं की दाखवते."

पाइपाला हात लावला तर चटका बसला. आणि तिच्या डोळ्यांदेखत हुकाच्या मुळाशी एक तपकिरी थेंब फुगला, लोंबला, टपकला. तिनं तो बोटावर घेऊन हुंगला. जळकं तेल. त्याच्या मागून दुसरा एक वास, नुकत्याच विझवलेल्या मेणबत्तीचा.

हा वास तिला माहीत होता. मागच्या वर्षी ती माहेरून परत आली तेव्हा घरभर हाच वास कोंडला होता. लाइट गेली होती, मेणबत्त्या लावाव्या लागल्या, असं नवरा म्हणाला होता. फ्रिजमधला बर्फ मात्र दगडासारखा घट्ट होता. आणि त्याच दिवसापासून तिचं लांब दांड्याचं पातेलं सापडत नव्हतं. ते आक्कांनीच कुणाला तरी देऊन टाकलं, असं धरून वहिनी कितीतरी दिवस त्यांच्याशी तुटक वागली होती.

ती छत्री मिटून सावकाश घरात आली. नवरा पेपर वाचत होता.

"अहो, मागच्या वर्षी खरंच लाइट गेली होती का हो?"

त्यानं पेपराची घडी घातली. मग त्या घडीची आणखी एक घडी घातली.

"पाइप आतून गंजतो," तो म्हणाला. "बाहेरून कळत नाही, एक दिवस हातात येतो. म्हणून जळकं तेल घेतलं, त्यात मेणबत्त्या वितळवल्या, टोकाकडून ओतलं आणि टोक बुजवलं. गाडी टिकावी म्हणून."

"मग सांगायला काय झालं होतं?"

"पातेलं तुझं होतं ना."

खिडकीत आक्कांनी घसा खाकरला. नवऱ्याला तेवढ्यानं जरा बळ आलं. मेण थिजलं की ते जन्मभर आतच राहिलं असतं, तो म्हणाला, कितीही तापलं तरी पाइपाबाहेर पडायला वाट नव्हती. "ती भोकं कोणी पाडली?"

वहिनीला हसू आलं.

"तेल तुमचं, भोकं माझी," ती म्हणाली. "आता उठा."

तो उठला. माळ्यावर, जुन्या टायरमागे लपवलेलं पातेलं कुठं आहे ते त्यानं सांगितलं, वहिनीनं काढलं. दुसऱ्या दिवशी भर दुपारी गाडी उन्हात लावून त्यांनी सगळे हूक काढले. त्यानं जॅक लावून गाडी एका अंगाला कलती केली, तिनं भोकाखाली पातेलं धरलं. काकवीसारखी धार लागली. उरलंसुरलं तेल रॉकेल घालून धुऊन काढलं, भोकं रबर घालून बुजवली आणि हूक खालच्या पत्र्याच्या पट्टीवर बसवले. ते बसवताना नवरा टेपनं मापं घेत होता आणि ती नुसती बघून सांगत होती, दोघांचं एकदाही भांडण न होता. पातेलं परत चुलीवर चढण्याच्या लायकीचं राहिलं नव्हतं. आक्कांनी ते उचलून न्याहाळलं, खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "आता तरी माझ्याशी सरळ तोंडानं बोल." वहिनीनं त्यांच्यासाठी चहा टाकला. साखर बरोबर त्यांना लागते तेवढी.

क्रीम रंगाचा सेट तयार झाल्याचा निरोप आला. सोफेवाल्यानं सकाळी, ऊन चढायच्या आत या, असं सांगितलं होतं. वहिनीनं कळवलं की ती दुपारीच येईल.

आली ती डोक्यावर ऊन तापलेलं असताना. शेजारच्या सीटवर नवरा, पाय लांब करून. सोफेवाल्यानं प्लॅस्टिकचा कागद पुढे केला, तो तिनं घडीसकट परत दिला. हमालांनी सोफा उघडा हौद्यात चढवला, उजव्या कठड्याला टेकवून. तिनं दोऱ्या ओढल्या, गाठी मारल्या आणि सोफेवाल्याला म्हणाली की चला, तुम्हीही बसा, तुमचं गिऱ्हाईक काय म्हणतं ते बघू.

गिऱ्हाइकाच्या दारात सोफा उतरल्यावर सोफेवाला गुडघ्यावर बसला. पाठ, बाजू, तळ, शिवणी, सगळं त्यानं निरखलं. मग खिशातला पांढरा रुमाल काढून हौद्याच्या कडेनं, एकेका हुकाखालून फिरवला. रुमाल उलटसुलट करून पाहिला. नवरा केबिनच्या खिडकीतून मान वाकडी करून बघत होता.

"काय होतं हो शेवटी?" सोफेवाल्यानं विचारलं.

"घरगुती होतं," वहिनी म्हणाली.

तो हसला, रुमाल खिशात घातला आणि म्हणाला की उद्या दोन सेट आहेत, एक अगदी पांढरा शुभ्र.

वहिनीनं हौद्याचा मागचा फाळका वर करून कडी घातली, केबिनमध्ये चढली, दार ओढून घेतलं. नवरा काहीतरी बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात तिनं हॉर्न वाजवला. एकदाच.