पोटाखाली गेलेला पट्टा

माझे यजमान पुण्याबाहेर मांजरी गावातल्या एका बिल्डरकडे हिशेब बघतात. सदाशिव पेठेतून रोज स्कूटरने जातात, डबा नेतात आणि कोणत्याही पँटवर कोणताही शर्ट घालतात. स्वतःच्या कपड्यांबद्दल त्यांची कधी तक्रार नव्हती. त्यांच्याकडे बघायला मला लागतं.

मागच्या दिवाळीच्या सुमारास तिथे फ्लॅट बघायला एक जोडपं आलं. हे दारातच उभे होते. त्या गृहस्थाने गाडीची किल्ली ह्यांच्या हातात ठेवली आणि म्हणाला, "जरा सावलीत लावा." ह्यांनी लावली. किल्ली नेऊन परतही दिली. घरी आल्यावर "गाडी चांगली होती" एवढंच म्हणाले, आणि आमटी दोनदा मागून घेणारा माणूस नुसतं ताक पिऊन उठला.

त्यानंतर काही दिवसांनी मला कळलं की लोक माणसाला पट्ट्यावरून ओळखतात. हा शोध ह्यांचाच. त्यांच्या बिल्डरच्या कमरेला एक पट्टा असतो. पुढे बशीएवढं सोनेरी बक्कल आणि त्यावर इटलीतल्या कुठल्या तरी कंपनीचं अक्षर.

"त्यांच्या हातात कोणी किल्ली देतं का?" हे म्हणाले.

"ते मालक आहेत. त्यांच्यामागे कायम दोन माणसं उभी असतात."

"आधी लोकांची नजर पट्ट्यावर जाते."

"अहो, तसाच पट्टा मंडईच्या मागे मिळतो."

"तसाच नाही मिळत."

"बघणाऱ्याला काय फरक कळणार?"

"आपल्याला कळतो ना," हे म्हणाले. यावर मी वाद सोडून पर्स उचलली. असं आमच्याकडे सहसा होत नाही.

येरवड्याच्या तुरुंगावरून पुढे गेलं की एक मॉल लागतो. तुरुंगात जाणाऱ्याला निदान वकील मिळतो, आम्ही तसेच आत शिरलो. दुकानाच्या दाराशी उभ्या असलेल्या रखवालदाराचा सूट ह्यांच्या लग्नातल्या सुटापेक्षा चांगला होता. आत एवढी जागा आणि एवढ्या कमी वस्तू, की मला वाटलं माल यायचा आहे. एका मुलीने पांढरे हातमोजे घालून पट्टा बाहेर काढला. आमच्यापुढे हातमोजे घालून फक्त दाताचा डॉक्टर येतो. तिने किंमतही तशीच सांगितली, हळू आवाजात, दुखेल हे माहीत असल्यासारखी.

"यात कमी काही?" मी विचारलं. विचारावं लागतं.

ती गोड हसली. हे भिंतीकडे बघत उभे राहिले, मी त्यांची कोणीच नसल्यासारखे. मग त्यांनी कार्ड काढलं. किंमत मी सांगणार नाही. आमची स्कूटर जिन्याखालीच उभी असते, तिला उगाच वाईट वाटायचं.

घरी येऊन ह्यांनी शर्ट खोचला, पट्टा बांधला आणि आरशासमोर उभे राहिले. आरशात शर्ट दिसला, पँट दिसली. इटली दिसेना. पोट वर आणि बक्कल त्याच्या खाली. बघायला म्हणून हे वाकले तर होतं तेही गेलं.

"पोट आत घ्या," मी म्हटलं.

"घेतलंय," हे म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून हे पहाटे पर्वती चढायला लागले. आमचे डॉक्टर कित्येक वर्षं वजन कमी करा म्हणून सांगत होते. साखरेचे रिपोर्ट सांगत होते, मीही सांगत होते. आमच्या कोणाच्या शब्दाला इटलीइतकं वजन नव्हतं. ह्यांनी भात सोडला, बटाटेवडा सोडला, चहातली साखर सोडली आणि माझं डोकं खाल्लं. संक्रांतीला अर्धं बक्कल बाहेर आलं, पाडव्याला पूर्ण. डॉक्टरांनी रिपोर्ट बघून विचारलं, कोणतं औषध घेताय? हे नुसते हसले आणि शर्ट थोडा वर ओढला. डॉक्टरांनी तिथेही स्टेथोस्कोप लावला.

मग एक दिवस हे लवकर घरी आले आणि पट्टा काढून खुर्चीवर ठेवला. बिल्डरने त्यांना केबिनमध्ये बोलावलं होतं. कमरेकडे बघून तो म्हणाला, "साहेब, पट्टा भारी हाय की. माझा मेव्हण्यानं दिल्लीहून आणलाय, डुप्लिकेट. खरा घिऊन काय करायचंय? माझ्या अंगावर समद्यांना खराच वाटतोय." मग खाली वाकून, बक्कल हातात धरून त्याने नीट पाहिलं. "तुमचा फिनिशिंगला माझ्यापेक्षा बरा हाय. कितीला पडला?"

"मग तुम्ही काय सांगितलंत?" मी विचारलं.

"आठशे."

"आठशे?"

"घासाघीस करून, म्हणालो."

मला हसू आलं नाही. ह्यांचा चेहरा किल्लीच्या दिवशी होता तसाच होता.

"खरं सांगायचं होतं," मी म्हटलं.

"हिशेब मी बघतो," हे म्हणाले. "माझ्या कमरेला तो पट्टा खरा आहे असं त्यांना पटलं असतं, तर संध्याकाळपर्यंत त्यांनी वह्या तपासायला घेतल्या असत्या."

म्हणजे बिल्डरच्या अंगावर खोटा पट्टा खरा ठरतो आणि ह्यांच्या अंगावर खरा पट्टा खोटा. तरीही दुसऱ्या दिवशी हे तोच बांधून गेले. इतके पैसे घातलेत तर निदान पँट तरी वर राहू दे, म्हणाले.

पण ऑफिसात ही बातमी पसरली. असला माल आठशेत पाडणारा माणूस म्हणजे साधी गोष्ट नव्हे. तिघांनी "आमच्यासाठीही आणा" म्हणून पैसे आणून दिले. "तो विक्रेता आता बसत नाही" असं सांगून ह्यांनी ते परत केले. आता गिऱ्हाइकं आली की बिल्डर स्वतः ह्यांची ओळख करून देतो, खुर्ची देतो. फरशा, नळ, लिफ्ट, काहीही घ्यायचं असलं की साहेबांना भाव करता येतो म्हणून त्यांना आपल्या गाडीतून घेऊन जातो, पुढच्या सीटवर बसवून.

ह्यांनी आयुष्यात कोथिंबिरीच्या जुडीचा भाव केलेला नाही. परवा जेवताना मला विचारत होते, समोरच्याने सांगितलेल्या किमतीच्या निम्म्यापासून सुरुवात करायची असते, की त्याच्याही खालून.