बेलीफकाकांची सुनावणी

संस्थेची नियमावली आपण सगळे सही करण्यापुरती हातात घेतो; ती रोज वाचायची वस्तू मानणारा माणूस अख्ख्या संभाजीनगरात एकच असेल, आणि तो आमच्या वाट्याला आला. गारखेड्यातली आमची संस्था रुग्णांना बेड, व्हीलचेअर, वॉकर वापरायला देते आणि गरज संपली की परत आणते. मी तिची सचिव. कोणती वस्तू कुणाकडे, याच्या याद्या माझ्याकडे. वस्तू परत आणायचं काम बेलीफकाकांकडे. कोर्टाच्या नोटिसा लोकांच्या दारात पोचवण्यात त्यांची सगळी नोकरी गेली, त्यामुळे निवृत्तीनंतरही तोंडी सांगितलेलं काहीच त्यांना पोचत नसे. बैठकीची वेळ मी फोनवर सांगितली की ते पडेगावहून स्कूटरवर येऊन पत्र मागत, पोच म्हणून सही करत, तारीख टाकत, वर घड्याळ पाहून वेळही टाकत. एकदा कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक कापण्याआधी त्यांनी गणपूर्ती झाली का, असं विचारलं, आणि आणखी दोघे येईपर्यंत आम्ही खरोखरच अर्धा तास थांबलो. कुणी हसलं तर ते शांतपणे म्हणत, "कागद नसला की माणसाचं काय पण करता येतं, ताई."

मग त्यांच्याविरुद्धच तक्रार आली. छावणीतल्या एका घरात आई वारली आणि तिसऱ्याच दिवशी काकांनी बेड नेला, असं मुलानं लिहिलं होतं. अध्यक्षांनी फोनवर सांगितलं, वयस्कर माणूस आहे, बोभाटा नको, संस्थेच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून काढून टाका, काय समजायचं ते समजतील. मी काढलं. यादीतली एक ओळ खोडावी, तितकंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका दारात. हातात त्यांच्याच नावाची, त्यांनीच लिहिलेली नोटीस. खाली माझ्या सहीची जागा मोकळी. तक्रारीची प्रत, चौदा दिवसांची मुदत, म्हणणं मांडायची संधी, सोबत एक सदस्य आणायची मुभा, सगळं कलमांनिशी. मी अध्यक्षांना विचारलं. ते म्हणाले, परत ग्रुपमध्ये घ्या, माफ केलं म्हणून सांगा. मी सांगितलं. काकांनी नोटीस पुन्हा माझ्यापुढे धरली.

"माफ कशाचं? माझं ऐकलंय कुणी? मला माफी नको, सुनावणी पाहिजे. मग खुशाल काढा."

सोबतीचा सदस्य म्हणून त्यांनी माझंच नाव घातलं होतं. मीच तर तुम्हाला काढलं, असं मी म्हणाले, तर काका म्हणतात, "म्हणून तर. तुम्हाला सगळं माहीत आहे."

मी नोटिशीवर सही केली आणि सुनावणी ठरली. समितीत तिघे होते, समोर तक्रार करणारा तो मुलगा. काका बोलायला उभे राहिले, आणि जन्मभर दुसऱ्यांच्या दारात उभ्या राहिलेल्या या माणसाला शब्द फुटेना. मग मी त्यांच्या बाजूनं लिहून आणलेले माझे अकरा मुद्दे वाचले. एक रुग्ण बेडविना जमिनीवर पडून होता. बेड लवकर आणा म्हणून तगादा माझा होता. हा मुद्दा वाचताना माझा आवाज खाली गेला.

मुलगा म्हणाला, "बेडचं काय नाय हो. आईची चादर होती त्याच्यावर. यांनी घडी करून खुर्चीवर ठेवली अन् सही मागितली. एक शब्द बोलले नाय."

"व्हय," काका म्हणाले. "ते चुकलं माझं."

सदस्यत्व राहिलं. वस्तू आणायचं काम मात्र सहा महिने बंद. अपिलाचा अर्ज मी तयार करून दिला. त्यांनी तो दाखल केला नाही. बैठकीला येत, मागच्या रांगेत बसत, मत देत. टेम्पो निघाला की फाटकापर्यंत जाऊन परत फिरत.

मुदत संपल्यावर पहिल्या घरी मी त्यांच्याबरोबर गेले. नुकतेच आजोबा गेलेले. घरात आजी एकट्या. काका बेडकडे वळलेच नाहीत. सतरंजीवर बसले आणि म्हणाले, "मालक कसे होते स्वभावानं?" आजी दीड तास बोलल्या, मधे एकदा हसल्याही. खालून टेम्पोवाल्याचे फोन येत होते. काकांनी उचलले नाहीत. शेवटी आजी म्हणाल्या, आणखी चार दिवस बेड राहिला तर चालेल का? काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी यादी काढली. त्या बेडसाठी कुणी थांबलेलं नव्हतं.

टेम्पो रिकामाच परतला. वाटेत काका त्या आजोबांविषयीच बोलत होते, जुनी ओळख असल्यासारखे.