जास्वंदीवरची कीड

सांगलीत आमच्या कॉलनीच्या मधोमध एक मोकळी जागा आहे. नकाशावर ती बाग होती. प्रत्यक्षात तिथं गाजरगवत होतं, सिमेंटचे बाक होते आणि चालणाऱ्यांच्या पायांनी पडलेली एक गोल वाट होती. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर मीही त्या वाटेवरून सकाळच्या फेऱ्या मारायला लागले. रक्तातली साखर वाढली होती, डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं, एवढंच कारण. फुलांचं मला वेड वगैरे काही नव्हतं.

एका सकाळी एक उंच, ताठ बांध्याचे गृहस्थ त्या गवतात उकिडवे बसून खुरप्यानं जागा मोकळी करताना दिसले. दुसऱ्या दिवशीही दिसले, तिसऱ्या दिवशीही. ते माण तालुक्यातले, लष्करातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले आणि आता लेकीच्या शेजारी घर घेऊन इथं राहायला आलेले, हे मला चालणाऱ्या बायकांकडून कळलं. सगळे त्यांना सुभेदारच म्हणत. आपल्या कामाचं त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही आणि मदतीलाही कुणाला हाक मारली नाही. एकदा त्यांच्या नळाचा पाइप निसटून पाणी वाटेवर वाहायला लागलं, तो मी उचलला. त्यांनी वळून पाहिलं आणि म्हणाले, "धरा ताई तसाच. मुळाशी सोडा, पानावर नको." आणि परत खुरपायला लागले. मी पाइप धरून उभी राहिले. ती सकाळ तशीच गेली, आणि पुढच्याही.

हळूहळू आणखी चार-दोन माणसं आली. कुणी गुलाबाची कलमं आणली, कुणी घरच्या कुंडीतली शेवंती. जास्वंदीच्या फांद्या तर ज्याच्या त्याच्या कुंपणावरून आल्या. लाल, पिवळी, आणि एक फिकट गुलाबी, जी दुपारनंतर आणखी गडद व्हायची. सुभेदार दोरी लावून ओळी आखत. रोप बोटभर जरी ओळीच्या बाहेर गेलं तरी उपटून पुन्हा लावायला लावत. आम्ही मागून हसायचो, पण ओळी छान दिसायच्या हे खरं.

अक्का आल्या त्या उन्हाला बसायला. थंडीचे दिवस होते. सत्तरी ओलांडलेली, नऊवारीतली, बारीक चणीची बाई. मुख्य रस्त्यावर त्यांचं घर. वर राहणं, खाली मुलाचं शेतीच्या औषधांचं आणि खतांचं दुकान. आसपासचे द्राक्षवाले, हळदवाले सगळे तिथंच यायचे. अक्का जैन घरातल्या, आणि नुसत्या नावाला जैन नव्हे. सूर्य मावळायच्या आत जेवण, पाणी गाळून, आणि पावसाळ्याचे चार महिने जमिनीला खुरपं लावायचं नाही असा त्यांचा नियम. बाकावर बसल्या बसल्या त्यांनी वाळलेली पानं वेचायला घेतली आणि मग त्याही आमच्यातल्याच झाल्या.

त्यांची कामाची एक रीत होती. कुंडी हलवायची तर आधी तिच्यावर बोटांनी टकटक करायचं, खाली काही असेल तर त्याला निघून जायला वेळ द्यायचा. गोगलगाय दिसली की पानावर घेऊन भिंतीपलीकडच्या रिकाम्या प्लॉटमध्ये सोडून यायचं. सुभेदारांना याची मौज वाटायची. एकदा म्हणाले, "अक्का, तिकडं नेऊन सोडताय, ती रात्रीत परत येती बघा." अक्का म्हणाल्या, "येऊ दे की. मी उद्या परत नेईन." त्यांच्यातलं बोलणं असंच असायचं. एकमेकांची रीत दोघांनाही पटत नव्हती, पण दोघंही रोज येत होते.

त्या वर्षी पाऊस लांबला. श्रावण संपता संपता जास्वंदीच्या शेंड्यांवर पांढरा कापूस धरल्यासारखं दिसायला लागलं. पिठ्या ढेकूण. गुलाबाच्या कळ्यांना काळा मावा लागला. कळ्या उमलायच्या आधीच वाकड्या होऊन गळायला लागल्या. आम्ही आधी पाण्याचा फवारा मारून पाहिला, मग कुणीतरी सांगितलं म्हणून कडुनिंबाचा पाला उकळून ते पाणी मारलं. दोन दिवस बरं वाटायचं आणि परत तेच.

बाकाजवळ सगळे जमलो. सुभेदार म्हणाले, आता औषध मारल्याशिवाय इलाज नाही, मी पाठीवरचा पंप मागून आणतो. कुणाचंच दुमत नव्हतं. माझंही नव्हतं. आपण हातानं लावलेलं झाड डोळ्यांसमोर वाळताना पाहवत नाही. अक्का तिथंच बसल्या होत्या. त्यांच्याकडं कुणी पाहिलं नाही असं नाही, सगळ्यांनीच पाहिलं. त्या वाळलेली पानं वेचत राहिल्या.

पण दुसऱ्या दिवसापासून त्या ओलं फडकं घेऊन यायला लागल्या. एकेक पान तळहातावर धरून पुसायचं, किडे फडक्यावर घ्यायचे आणि ते फडकं पलीकडच्या गवतात हलक्या हातानं झटकायचं. सकाळभर एवढंच. मी एक दिवस त्यांच्या शेजारी बसून तेच करून पाहिलं. एका फांदीला इतका वेळ गेला की ऊन चढलं, आणि शेजारची फांदी तशीच पांढरी. मान वर करून मी ओळीकडं पाहिलं आणि मला हे काम संपणारं नाही हे कळलं. अक्कांना ते माझ्या आधी कळलं असणार.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी सुभेदारांनी तोंडाला रुमाल बांधून सगळी बाग फवारली. औषधाचा तो उग्र, डोकं धरणारा वास दिवसभर कॉलनीत होता. अक्का त्या दिवशी आल्या नाहीत. तेव्हाच त्यांचं दहा दिवसांचं दशलक्षण पर्व सुरू झालं होतं, त्या मंदिरात असतील असं आम्ही म्हणालो. इकडं झाडं सावरली. नवी पालवी फुटली, गुलाब तर असे आले की रस्त्यानं जाणारे थांबून बघायचे. सुभेदार खूश होते. पर्व संपलं. अक्का आल्या नाहीत. मग आणखी काही दिवस गेले. त्यांचा बाक रिकामा राहिला की कुणी ना कुणी विषय काढायचं आणि दुसरं कुणी तो बदलायचं.

शेवटी मीच त्यांच्या घरी गेले. दुकानाच्या बाजूनं जिना होता. औषधाचा वास जिन्यातच लागला, तोच, फक्त जुना आणि मुरलेला. अक्का स्वयंपाकघरात मूग निवडत बसल्या होत्या. मला पाहून त्यांना बरं वाटलेलं दिसलं. पाणी दिलं, सुनेला चहा ठेवायला सांगितलं, माझ्या साखरेची चौकशी केली. बागेचं काही विचारलं नाही. मग मीच म्हणाले, अक्का, औषध मारलं म्हणून राग आलाय का? सुभेदारांचा तुम्हाला दुखवायचा हेतू नव्हता.

त्यांनी मुगातला एक खडा काढून बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "राग कशाचा? औषध मीच तर दिलं त्यास्नी."

मला आधी समजलंच नाही. मग त्यांनी सांगितलं ते असं. दुपारी मुलगा जेवायला वर येतो, तेवढा वेळ अक्का खाली गल्ल्यावर बसतात. बरीच वर्षं बसतात. नवरा गेला तेव्हा मुलगा शिकत होता, तेव्हा तर दिवसभर त्याच दुकान बघायच्या. त्या दुपारी सुभेदार आत आले. अक्कांना तिथं बघून ते अवघडले; हे दुकान त्यांचं आहे हे त्यांना ठाऊकच नव्हतं. कॉलनीत कुणाच्या घरी त्यांचं जाणं-येणं नव्हतं, कुणीतरी जवळचं दुकान म्हणून सांगितलं होतं. ते परत फिरणार होते. अक्कांनीच विचारलं, काय पाहिजे? त्यांनी सांगितलं. अक्का उठल्या, मागच्या फळीवरून बाटली काढली, पुसली आणि त्यांच्या हातात दिली. पंपाला किती घालायचं तेही सांगितलं.

"मग तुम्ही नाही म्हणायचं की," मी म्हणाले.

"कसं म्हणू? त्याच दुपारी चार जणांस्नी तेच दिलं हुतं. ती द्राक्षाला मारतात, ह्यांनी जास्वंदीला मारलं. घर त्याच्यावर चाललंय आमचं. पोरं त्याच्यावर शिकली." त्या सावकाश बोलत होत्या, रडत वगैरे नव्हत्या. "बागेत यायची ती एवढ्यासाठी, की दिवसातनं तेवढा तास माझ्या हातनं कुणाला काय हुत न्हाई. दुसरं काय न्हवतं मनात. आता तिथंबी माझीच बाटली."

चहा आला. मी तो प्याले. निघताना मी एवढंच म्हणाले की तुमच्याशिवाय सकाळ नीट लागत नाही. त्या हसल्या आणि बघते म्हणाल्या.

हे सुभेदारांना सांगावं की नाही, यावर मी घरी येईपर्यंत विचार केला. घरी यजमान म्हणाले, सांग, त्यांच्यात जे आहे ते त्यांच्यातच मिटलं पाहिजे. दुसऱ्या दिवशी पाणी घालताना मी सांगितलं. सुभेदारांनी काम थांबवलं. मला वाटलं होतं ते म्हणतील, एवढं काय त्यात. ते म्हणाले, "मला बी त्या दिवशी खटकलं हुतं, ताई. बाटली घेतली तवा त्यांचा हात बघितला मी, गोगलगाय उचलणारा. तसाच निघून आलो." मग खाली बसून ते उगाच एका रोपाची माती सारखी करत राहिले. थोड्या वेळानं म्हणाले, "आमच्या माणात किडीचा कवा प्रश्नच आला न्हाई. हिरवंच न्हवतं काय, तर कीड कशाला लागंल? इथं पाणी हाय, झाडं हायत, म्हणून ह्या गोष्टी बी हायत."

त्या आठवड्यात ते अक्कांच्या दुकानी जाऊन आले. काय बोलणं झालं ते मला त्यांच्याकडून कधीच कळलं नाही. अक्कांनी पुढं केव्हातरी सांगितलं. सुभेदार म्हणाले होते, इथून पुढं औषध मी दुसऱ्या दुकानातनं आणीन. अक्कांनी त्यांना तसं करू दिलं नाही. दुसरीकडनं आणलं म्हणून माझं काय हलकं होणार, म्हणाल्या, आणायचं तर इथनंच न्या. फक्त मारायच्या आदल्या दिवशी मला कळवा, म्हणजे मी त्या सकाळी येणार नाही. आणि भिंतीकडचा एक वाफा मला सोडा. तिथं कशाचाच फवारा नको.

दिवाळीनंतर, थंडी पडल्यावर अक्का परत आल्या. आल्या तशा बाकावर बसल्या, आणि जणू कालच येऊन गेल्यासारखी वाळकी पानं वेचायला लागल्या. सुभेदारांनी त्यांच्यासाठी वाफा आखून ठेवला होता, अर्थात दोरी लावून.

त्या वाफ्यानं काही मोठा चमत्कार केला असं मी सांगणार नाही. अक्कांनी हौसेनं लावलेली जास्वंद पुढच्या पावसाळ्यात किडीनंच गेली. शेवंतीही टिकली नाही. सदाफुली राहिली, गुलबक्षी राहिली, तगर राहिली, आणि कोपऱ्यात कुणी न लावलेली गोकर्ण आपोआप आली. इतर वाफ्यांच्या मानानं तो जरा विरळच दिसतो. मेलेली जास्वंद उपटायला अक्कांनी मला सांगितलं, त्यांचा पावसाळ्याचा नियम होता. मी उपटली तेव्हा त्या शेजारी उभ्या होत्या. म्हणाल्या, "हिलाबी मीच मारलं म्हणायचं." मी म्हणाले, तसं कसं? तर म्हणाल्या, "असंच असतंय. एकाला राखायला गेलं की दुसरं जातंय. आपण आपल्या हातापुरतं बघायचं." त्यांच्या बोलण्यात समाधान नव्हतं आणि तक्रारही नव्हती. मी तेव्हापासून या वाक्याचा बराच विचार केला आहे. कधी ते मला फार मोठं वाटतं, कधी वाटतं की ही नुसती पळवाट आहे, आणि अक्कांनाही ते ठाऊक असावं. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं, एवढंच मला हल्ली वाटतं.

सुभेदार अजून फवारतात. आदल्या दिवशी संध्याकाळी ते अक्कांच्या जिन्याखाली उभे राहून हाक देतात, वरून खिडकीतून "बरं" असं उत्तर येतं. मात्र गुलाबांची एक ओळ, जिच्यावर दरवर्षी सगळ्यात जास्त कीड पडायची, ती त्यांनी गेल्या उन्हाळ्यात स्वतःच काढून टाकली आणि तिथं तगर लावली. अक्कांनी ती नवी ओळ पाहिली, तिच्या कडेनं एक चक्कर मारली आणि तगरीला पाणी जास्त लागत नाही एवढं सांगून आपल्या कामाला लागल्या.

यंदा समोरच्या अपार्टमेंटमधल्या दोन तरुण मुली आमच्यात आल्या आहेत. दोघी नोकरीवर जायच्या आधी तासभर काम करतात. परवा त्यांच्यातल्या एकीनं सुभेदारांना विचारलं की काका, पंप सगळीकडं मारता, मग हा भिंतीकडचा वाफाच का सोडता? सुभेदार पंपाचा पट्टा खांद्यावर घेत होते.

"त्यो अक्कांचा हाय," ते म्हणाले, आणि तिला तोंडाला रुमाल बांधून लांब उभं राहायला सांगितलं.